फादर दुमिंग यांचा भविष्यकाळ

“फादर, भविष्यकाळ सुरू झाला की तुमचे विद्यार्थी मधूनच उठून जातात तरी कुठे?”

अल्विनला हे कोडं कधीचं पडलं होतं. फादर दुमिंग म्हणजे उभी हयात पेरू देशाच्या डोंगरांत काढून वसईला परतलेले धर्मगुरू. निवृत्त झाल्यावर स्पॅनिश शिकवत. काल धडा ऐन रंगात आलेला आणि सिस्टर ब्रिजिता छत्री उचलून चक्क फाटकाबाहेर! तासाभराने हसत परत आल्या. आणि फादर? जणू काही घडलंच नाही.

“शिकायचाय तुला भविष्यकाळ?”

“त्यात शिकायचं काय? मला पाठ आहे.”

शनिवारी त्याचं विमान होतं. स्पेनच्या हॉटेलात नोकरी लागलेली, तेव्हा गडी आधीच हवेत होता म्हणा ना.

“क्रियापद आख्खं ठेवायचं आणि मागे शेपूट जोडायचं. कोमेरे, मी खाईन. कोमेरास, तू खाशील. क्रियापद बदला, शेपटं तीच. आहे काय नि नाही काय!”

“शाबास. आता वापर.”

“म्हणजे?”

“आज काय करशील, ते सांग.”

अल्विनने विचारसुद्धा केला नाही. पुस्तकात असतं तसलं एक वाक्य फेकलं.

“आब्लारे कोन मी पाद्रे. मी माझ्या वडिलांशी बोलेन.”

फादरनी पुस्तक मिटलं. सावकाश उठले, दाराजवळच्या अल्विनच्या चपला उचलल्या आणि त्याच्या पायाशी नीट जोडून ठेवल्या.

“अहो फादर, हे काय करताय!”

“जा.”

“कुठे?”

“आपल्याकडे रीत आहे. भविष्यकाळात जे बोललास, ते आधी करून ये. मग पुढचं क्रियापद. सिस्टर म्हणाल्या, आजारी मैत्रिणीला भेटेन. गेल्या, भेटून आल्या.”

अल्विनचा चेहरा खर्रकन उतरला. ‘केळीची वाडी कोण बघणार?’ असं बापाने विचारलं होतं, आणि ‘तुमची वाडी, तुम्ही बघा’ असं हा बोलून गेला होता. त्या दिवसापासून एकाच छपराखाली दोघांचा अबोला. शनिवारी न बोलताच निघायचं, हेही त्याने ठरवून टाकलेलं.

“फादर... ते नुसतं उदाहरण होतं हो.”

फादरनी चपला आणखी जवळ सरकवल्या.

“दुसरं वाक्य देतो ना. मी भाकरी खाईन. चालेल?”

“आधी पहिलं.”

अल्विनने चपला घातल्या. उंबऱ्याशी जाऊन पुन्हा थबकला. त्याला खरोखर भीती वाटत होती.

“मी बोलेन हो. पण पप्पा बोललेच नाहीत तर?”

फादर खुर्चीत टेकले. डोळे मिटले.

“ते बोलतील, असं तू कुठे म्हणालास?”