नव्या पिस्तुलाचा खुलासा

“हे पिस्तूल तुम्ही मला कोणत्या तोंडानं दिलंत, उस्ताद?”

शस्त्रागाराच्या दारातूनच शलाका खुटवड बोलली. फौजदार होऊन तिला तीन महिने झाले होते, आणि या जिल्ह्यात येऊन जेमतेम आठवडा.

उस्ताद म्हणजे सहायक फौजदार अब्बास मुजावर. मुख्यालयातली हत्यारं पुसण्यात आणि सांभाळण्यात त्यांची चौतीस वर्षं गेली होती. हुद्द्यानं ते शलाकाच्या खाली, वयानं तिच्या वडिलांच्या बरोबरीचे. महिनाअखेरीला निवृत्त व्हायचे होते.

“बसा, मॅडम.”

“बसायला आले नाही.”

उस्तादांनी पुढे सरकवलेलं स्टूल परत टेबलाखाली ढकललं.

शलाकाचा राग उगाच नव्हता. सकाळी मैदानावर तीस पोलिसांच्या देखत तिचं कोरं करकरीत पिस्तूल तीनदा अडकलं होतं. पहिल्यांदा ती गप्प राहिली. दुसऱ्यांदा तिचे कान तापले. तिसऱ्यांदा गोळी अर्ध्यात रुतून बसली, आणि मागून हवालदार ढेकणे खुदकन हसला. “चषक मिळालेलं पिस्तूल निराळं असेल,” असंही तो म्हणाला, तिला ऐकू जाईल एवढ्या बेतानं.

प्रशिक्षणात नेमबाजीचा चषक घेऊन आलेली मुलगी ती. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. ढेकणेवर काय लिहिणार? हसला म्हणून? मग ती तिथंच उस्तादांच्या नावानं ओरडली, आणि आत जाऊन त्यांच्यावर लिहिलं.

कसुरी अहवाल. दोन पानं, सुवाच्य अक्षरात.

तारीख, वेळ, पिस्तुलाचा नंबर, किती गोळ्या सुटल्या, कोणती अडकली, सगळं त्यात होतं. नादुरुस्त शस्त्र देऊन अधिकाऱ्याचा जीव धोक्यात घातला, असं शेवटी लिहिलं होतं. एकच गोष्ट त्यात नव्हती. ती का नव्हती हे शलाकाला माहीत होतं, पण त्या वाटेला तिचं मन जात नव्हतं.

तिनं कागद टेबलावर आपटले.

“पाच वाजता साहेबांकडे जाणार आहे. खाली तुमचा खुलासा लागतो. लिहा.”

“लिहितो. आधी पिस्तूल द्या.”

तिनं दिलं. उस्तादांनी मॅगझीन काढलं, नळीचं तोंड कोपऱ्यातल्या वाळूच्या पेटीकडे धरून स्लाइड मागे ओढली, आत गोळी नाही हे डोळ्यांनी पाहिलं, मग बोट घालून पाहिलं. एवढं करून त्यांनी पिस्तूल परत तिच्यापुढे ठेवलं.

“उघडा.”

“मी इथं शिकायला आलेय का?”

…

उस्ताद चष्मा पुसत बसले.

शलाकानं पिस्तूल उचललं आणि बघता बघता उघडून ठेवलं. स्लाइड, स्प्रिंग, नळी, सांगाडा, ओळीनं. प्रशिक्षणात तिच्याएवढं झटपट हे कुणालाच जमत नसे. हे या म्हाताऱ्यालाही कळावं, म्हणून प्रत्येक भाग तिनं जरा खणकन ठेवला.

“हात चांगला आहे,” उस्ताद म्हणाले. “आता बघा.”

“काय बघू?”

“आत.”

तिनं वरवर पाहिलं. स्लाइडच्या खाचांमध्ये पिवळट, चिकट ग्रीस गच्च भरलेलं होतं. कारखान्यातून निघताना, पेटीत गंजू नये म्हणून फासतात ते. सकाळच्या गोळ्यांची काजळी त्यात कालवली गेली होती.

“म्हणजे साफ न करताच दिलंत,” शलाका म्हणाली. “नव्या पिस्तुलात ही घाण? ते साफ करणं शस्त्रागाराचं काम आहे की माझं?”

उस्तादांनी खणातून एक जुना पांढरा बनियन काढला आणि त्याची वीतभर चिंधी फाडली. ती स्लाइडच्या शेजारी ठेवली.

“मी हात लावणार नाही,” ती म्हणाली. “आधी खुलासा.”

उस्तादांनी तिचे कागद ओढून घेतले. दोन्ही पानं सावकाश वाचली, तिला चीड येईल इतकी सावकाश. मग शेवटच्या ओळीखाली काहीतरी लिहिलं, सही केली, तारीख टाकली आणि कागद परत केले.

शलाकानं वाचलं. एकच ओळ होती.

‘वरील मजकूर मला मान्य आहे.’

“हे काय?”

“खुलासा.”

“असा कुठं खुलासा असतो? मान्य आहे म्हणे. याचा अर्थ कळतो का तुम्हाला? चौकशी लागेल. तुमच्या सेवापुस्तकात शेरा जाईल.”

“जाईल.”

“महिनाअखेरीला घरी जाताय तुम्ही.”

“हो. एकोणीस दिवस राहिलेत.”

…

चौतीस वर्षांत त्या सेवापुस्तकात एक वाकडा शब्द नव्हता. मुख्यालयात नवीन आलेल्या माणसाला चहाच्या पहिल्या कपाबरोबर हे सांगितलं जायचं. शलाकालाही सांगितलं होतं.

तिला वाटलं होतं, हा माणूस भांडेल. हातापाया तरी पडेल. मग आपल्याला नियमावर बोट ठेवता येईल. त्याऐवजी हे. तिचा राग तिच्याच हातात लोंबकळत राहिला, त्याचं काय करावं तिला कळेना. तिनं तो चिंधीवर काढला. चिंधी उचलली आणि स्लाइडची खाच खसाखसा घासायला लागली.

“तुम्हाला मोठेपणा मिरवायचाय,” ती घासत म्हणाली. “मला लाजवायचंय.”

“नाही, मॅडम. चूक आहे म्हणून लिहिलं.”

“कसली चूक?”

“गेल्या सोमवारी पिस्तूल दिलं, तेव्हा तुम्ही फोनवर होता. तुमचं लक्ष नाही हे मला दिसत होतं. तरी दिलं.”

“दिलंत तर दिलंत. पण सांगितलं होतंत ना मला?”

शब्द तोंडातून गेले आणि तिचा हात थांबला.

…

उस्ताद तिच्याकडे बघत नव्हते. नळी उजेडाकडे धरून आत पाहत होते.

“नीट सांगितलं होतंत,” शलाका म्हणाली. आता तिला आवरेना, आणि राग तर अजून ओसरला नव्हता. “आधी उघडा, ग्रीस सगळं काढा, मग तेल लावा, तेही दोनच थेंब. पहिल्या दोनशे गोळ्या होईपर्यंत दर पन्नासांनंतर पुसा, पिस्तूल रुळू द्या, तोवर त्याच्यावर भरवसा ठेवू नका. शब्द न् शब्द सांगितलात तुम्ही. आणि मी काय म्हणाले?”

“माझ्या लक्षात नाही.”

“खोटं बोलू नका, उस्ताद. मी म्हणाले, मला नका शिकवू, मी पहिली आलेय. कानावरचा फोन काढूनसुद्धा बोलले नाही मी. नोंदवहीत सही केली आणि निघून गेले. हे तुम्ही का नाही लिहिलंत? हे लिहायला काय झालं होतं तुम्हाला?”

“ते तुमच्याकडचं आहे. मी माझ्याकडचं लिहिलं.”

शलाकाला या माणसाची चीड आली. मग ढेकणेची आली, त्याच्या त्या हसण्याची आली, त्या चषकाची आली. सगळ्यांची येऊन गेल्यावर उरलेली कुणाची, ते तिला ठाऊक होतं. तिचे डोळे भरून आले, आणि त्याचाही तिला राग आला.

तिनं अहवाल पुढे ओढला. उस्तादांच्या सहीखाली मोकळी जागा होती. तिथं तिनं लिहिलं:

‘शस्त्र वापरण्यापूर्वी साफ करण्याची पूर्ण सूचना मला श्री. मुजावर यांनी दिली होती. मी ती ऐकली नाही. सबब वरील तक्रार चुकीची आहे.’

सही करताना कागदावर तिच्या अंगठ्याचा काळा ठसा उमटला. तिनं तो पुसायला बघितलं, तर आणखी पसरला.

“दुसऱ्या कागदावर लिहा,” उस्ताद म्हणाले. “किंवा फाडून टाका. साहेबांना अजून कुठं ठाऊक आहे?”

“नाही. असाच जाईल. सकाळी तीस जणांपुढं मी तुमच्या नावानं ओरडलेय. उद्या परेडला त्याच तीस जणांपुढं हा वाचून दाखवेन. ढेकणे पुढच्याच रांगेत असतो.”

…

तिनं कागदांची घडी घातली नाही. ठसा वाळावा म्हणून ते तसेच उघडे ठेवले. मग खाली पाहिलं. हातातली चिंधी पांढरी होती हे कुणाला सांगून पटलं नसतं. काजळी, ग्रीस, सगळं तिच्यात उतरलं होतं, बोटांनाही लागलं होतं.

“आठ दिवस हे असंच कमरेला लावून फिरले मी,” ती हळूच म्हणाली. “नवं आहे म्हणून. केवढी ही घाण, उस्ताद.”

उस्तादांनी बनियनची आणखी एक चिंधी फाडली आणि तिच्यापुढे धरली.

“पहिली काळीच निघते, मॅडम. दुसरी घ्या.”