मिशीवाल्या मुशीचे प्रकरण

विषय : मुशीचे रक्त तिच्या शरीरात कोठे तयार होते, आणि त्यावरील ग्रंथावर पहिले नाव कोणत्या शिष्याचे असावे.

संदर्भ : डॉ. वासुदेव मठकर यांनी आपले गुरू केळुसकर सर यांच्याकडे केलेला तोंडी अर्ज.

“…पण सर, तिचं नाव माझ्या आधी का?”

केळुसकर सर सुरीला धार लावत होते. लावत राहिले.

जागा म्हणजे सरांच्या देवगडच्या घराची मागची पडवी. निवृत्त झाल्यापासून सर तिथंच मासे फाडत. शिष्य तिला आश्रम म्हणत. फॉर्मॅलिनचा वास नाकात गेलेला पाहुणा दुसरं काहीतरी म्हणे.

माणसाचं रक्त हाडांतल्या मज्जेत तयार होतं. मुशीला, म्हणजे शार्कला, हाडच नाही, नुसती कूर्चा. तेव्हा मज्जेचा प्रश्न मिटला. तिच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी दोन मऊ अवयवांत तयार होतात. एक अन्ननलिकेला लागून, दुसरा जननग्रंथीला चिकटून. पहिल्यावर मठकरांनी तपभर काम केलं होतं. दुसऱ्यावर यास्मिन मुकादमनं, मागाहून येऊन. त्यामुळे पहिला मठकरांचा आणि दुसरा यास्मिनचा, अशी वाटणी झाली होती. मुशीला विचारलं नव्हतं. तांबड्या पेशींचं बरंचसं काम प्लीहा बघते. पण प्लीहेवर हक्क सांगणारा तिसरा शिष्य नसल्यामुळे त्या बाजूला शांतता होती.

आता सरांचा ग्रंथ छापायला निघाला होता, आणि मुखपृष्ठावर सरांच्या खाली आधी यास्मिन होती, मग मठकर. तेव्हापासून मठकरांना अन्न गोड लागत नव्हतं. तिच्या काचपट्ट्यांची पेटी खिडकीजवळ आहे आणि आपली कपाटाच्या माथ्यावर, हे त्यांनी पडवीत पाऊल टाकतानाच पाहून घेतलं होतं. तिच्या पानांवर सरांची तांबडी शाई कमी आहे, हेही.

त्यांचं सगळं मांडून झालं होतं. आपण आधी आलो. आपला अवयव लांबीनं मोठा. ती मध्ये लग्नासाठी सुट्टीवर गेली. आपण स्वतःच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी हळदीच्या हातांनी मुशी फाडायला हजर होतो.

“तिला सुरी धरायला मी शिकवलं, सर.”

“चांगली धरते.”

…

सरांनी ओल्या गोणपाटाखालची मुशी मेजावर ओढली आणि सुरी मठकरांच्या हातात दिली.

“घे. तुझा अवयव दाखव.”

मठकर पुढे झाले आणि थबकले. मुशीच्या नाकाखाली दोन मिशा लोंबत होत्या. समुद्राच्या तळाशी आळसावून पडणारी ही जात त्यांना चांगली माहीत होती. इतकी चांगली, की ग्रंथातल्या आपल्या भागात त्यांनी तिचा उल्लेखही येऊ दिला नव्हता.

“ही नको, सर. शिळी वाटते.”

“पहाटे जाळ्यात आली.”

“दुसरी मागवू.”

“हीच.”

मठकरांनी पोट चिरलं. अन्ननलिका उभी कापली, पसरली, आतलं अस्तर सोललं. एरवी जिथं पांढुरका जाड थर असतो तिथं काहीच नव्हतं. खाली जननग्रंथीपाशी दुसरा अवयव मात्र दांडगा वाढला होता. मठकरांना तो माजल्यासारखा वाटला.

“काय दिसतं?”

“…काही नाही.”

“ही मेली कशानं?”

“जाळ्यात गुदमरून.”

“रक्त कमी पडून नाही?”

“नाही.”

सरांनी एक काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. कालच्या साध्या मुशीचं रक्त, म्हणाले. तिच्यात दोन्ही अवयव होते. आता यातल्या तुझ्या पेशी कुठल्या आणि यास्मिनच्या कुठल्या, तेवढं सांग.

मठकरांनी बराच वेळ डोळा लावून ठेवला. एवढा वेळ लागावा असं तिथं काही नव्हतं.

“रक्तात उतरल्यावर सांगता येत नाही, सर.”

“हं.”

“म्हणजे पहिलं नाव तिचंच.”

“असं मी म्हटलं नाही.”

“मग माझं?”

“असंही नाही.”

…

मठकर मिशांकडे बघत राहिले. मग त्यांनी हळूच विचारलं, ही जात आपण गाळली हे सरांना कधी कळलं. पहिल्याच वाचनात, सर म्हणाले.

“यास्मिनला?”

“तिला माझ्या आधी.”

“बोलली नाही काही?”

“नाही. तुझं तू सांगशील, म्हणाली.”

गप्प बसण्यातही ती पुढे निघाली, हे मठकरांना सगळ्यांत जास्त लागलं.

सरांनी बादलीत हात धुतले, पंच्याला पुसले.

“ग्रंथात या मिशीवालीवर एक प्रकरण घालायचं आहे. ते तू लिही.”

“मी? हिच्यात माझं काहीच नाही, सर.”

“म्हणून तर. तिथं जे नाही, ते तुझ्याइतकं निरखून कुणी पाहिलेलं नाही.”

पहिल्या नावाबाबतचा अर्ज अद्याप प्रलंबित आहे.