लांब हौद्याची गाडी

रानखेडच्या संस्थानिकांना शिकारीसाठी डोंगरवाटा चढणारी मोटार घ्यायची होती. वाड्यापुढे दोन आणून उभ्या केल्या. दिवाणजी आखूड, तांबड्या गाडीवर खूश होते. सरकारांनी गंमत म्हणून कोंडू वारघड्याला विचारलं. रान उठवून जनावर बंदुकीपुढे आणणाऱ्या हाकाऱ्यांचा तो म्होरक्या.

"कुठली घेऊ रे?"

"लांब हौद्याची, सरकार."

"एवढा लांब वाघ कुठं पाहिलास?"

"वाघ तर अजून घावलाच न्हाई. पर दर हाक्याला आमचा एक गडी खांद्यावरनं घरी येतो. त्याला नीट निजवता यायला पायजे."



सरकारांनी लांब हौद्याचीच गाडी घेतली, आणि दुसऱ्याच दिवशी हाक्याला माणसं बोलावली.