काळी फरशी

एकदा एक मोटरसायकल दुरुस्त करणारा कारागीर होता. हसू नका. दृष्टांताला ऋषी आणि राजेच लागतात असा काही नियम नाही. शहाणपण वंगणाने माखलेल्या हातांतही असते, आणि माझ्या मते तिथे ते जरा जास्तच टिकते.

तर या कारागिराचे नाव आनंदा. एका वृद्ध वस्तादाच्या छपराखाली अकरा वर्षे तो काम शिकला. मग त्याने स्वतःच्या घराला लागून, म्हशींचा जुना गोठा पाडून, आपले वर्कशॉप उभारले. गावात त्याची चर्चा झाली ती दिव्यांसाठी. वीज मंडळातला लाइनमन कोंडिबा त्याचा लहानपणचा मित्र. त्याने सुट्टीच्या दिवशी येऊन छताला एक नाही, दोन नाही, चौदा दिवे बसवले. भिंती दुधासारख्या पांढऱ्या, हत्यारे फळीवर मापाने टांगलेली, आणि खाली गुळगुळीत, चकचकीत काळी फरशी. काळीच का? आनंदा अभिमानाने सांगायचा, "तेलाचा डाग दिसत न्हाई बघा! गॅरेज म्हटलं की लोक नाक मुरडतात. माझ्याकडं आलं की दवाखान्यात आल्यासारखं वाटलं पाहिजे."

आता या धंद्यातल्या कारागिरांची एक रीत होती. नव्या वर्कशॉपमध्ये पहिला पाना वस्तादाने लावायचा. वस्तादाने पाना लावला की शिष्य कारागीर झाला, मोकळा झाला. नाही लावला, तर चौदा काय चाळीस दिवे लावा, धंद्यातली माणसे त्याला पोरगाच म्हणणार. म्हणून उद्घाटनाच्या सकाळी आनंदा वस्तादांच्या वाटेकडे डोळे लावून होता. मांडवात पाहुणे होते, पेढे होते. आत वर्कशॉपच्या मधोमध उभी होती कोंडिबाची मोटरसायकल. इंजिन खोलून, नवे तेल भरून आनंदाने ती कालच तयार केली होती. तिचाच एखादा बोल्ट वस्तादांनी आवळायचा, आणि दुपारी कोंडिबाने तिच्यावरून बायकोला घेऊन घाट उतरून सासरवाडीला जायचे, असे ठरले होते.

वस्ताद आले. सगळे दिवे लागले. पाहुण्यांच्या तोंडून "वा!" निघाले. वस्तादांनी वर पाहिले, भिंतींकडे पाहिले, मग गाडीजवळ उकिडवे बसून फरशीवरून हलकेच तळवा फिरवला. आनंदाने ताटातला पाना पुढे केला. तो त्यांनी घेतलाच नाही. आनंदाच्या बायकोकडे वळून म्हणाले, "सूनबाई, घरात एखादं जुनं पांढरं धोतर हाय का?"

सगळे एकमेकांची तोंडे पाहू लागले. धोतर आले. वस्तादांनी ते चौघडी करून गाडीखाली अंथरले, खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "चहा आणा."

चहा झाला. वस्ताद खुर्चीतून हलेनात. एक पाहुणे घड्याळ पाहू लागले. कोंडिबा आनंदाच्या कानाशी लागला, "म्हातारं बिथरलं काय रं?" धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे, असे आनंदाला झाले. अकरा वर्षांची सेवा, आणि आज चारचौघांत ही शोभा!

अर्धा तास गेला असेल. वस्तादांनी बोटाने खूण केली. पांढऱ्या धोतरावर, इंजिनाच्या बरोबर खाली, रुपयाएवढा तेलाचा एक ताजा ठिपका होता. सगळे बघत असतानाच त्यावर दुसरा थेंब पडला.

"कालपासून ठिबकतंय," वस्ताद म्हणाले. "तुझ्या फरशीनं गिळलं. हात फिरवला तवा मला कळलं."

मग ते जरा पुढे झुकले. आवाज चढवला नाही. "माझ्या छपरात एक बल्ब होता, तोबी मिणमिणता. पण दर सोमवारी मी तुम्हा पोरांकडनं जमिनीला चुना मारून घ्यायचो. तुम्हाला वाटायचं, म्हातारा फुकट राबवून घेतोय. आरं, गाडी मुकी असती. तिचं दुखणं ती जमिनीवर लिहिती. ते वाचायला जमीन पांढरी लागती. तू वर चौदा दिवे लावलंस आणि खाली अंधार अंथरलास. लोकांना डाग दिसू नये म्हणून एवढा खटाटोप केलास, आणि डाग नेमका ज्याला दिसायला पाहिजे त्यालाच दिसंना झाला."



इथे माणसाची खरी परीक्षा असते, बरे का. पुढ्यात पाहुणे, हातात पेढ्यांचे ताट. 'इंजिन कालच खोलले आहे, थोडे ठिबकणारच' एवढे म्हणून वेळ मारून नेता आली असती. तुम्ही-आम्ही नेलीही असती. आनंदाने ताट खाली ठेवले, गाडीखाली बोट घालून पाहिले आणि कोंडिबासमोर येऊन उभा राहिला.

"कोंडिबा, गाडी आज मिळायची न्हाई. तेलाच्या बोल्टाखाली चकती असती ना, तो वायसर नवा घालायचा असतो, घाईत मी जुनाच बसवला. चूक माझी हाय. मागच्या चाकावर तेल आलं असतं. घाटात तू आणि वहिनी..."

कोंडिबाने त्याच्या पाठीवर थाप मारली. "बरं झालं लेका, चहा पिऊन निघालो न्हाई. सासरवाडी काय, उद्याबी तिथंच हाय."

वस्ताद खुर्चीवरून उठले. ताटातला पाना उचलून त्यांनी आनंदाच्या हातात ठेवला.

"पहिला पाना तू लाव."

"वस्ताद, रीत..."

"रीत मला सांगतोस व्हय? शिष्याची चूक वस्तादाला काढायला लागती तवर वस्तादानं पाना लावायचा. आज मी नुसता ठिपका दाखवला, चूक तू सगळ्यांसमोर स्वतःच काढलीस." मग ते पाहुण्यांकडे वळले. कधी कुणाची स्तुती न करणारा तो माणूस, पण त्या क्षणी त्याचा ऊर भरून आला होता. "बघून घ्या मंडळी. हा माझ्या हाताखाली तयार झालाय!"

आनंदा नव्या कपड्यांनिशी फरशीवर आडवा झाला. बोल्ट सुटताना डोळ्यांत पाणी होते, आणि ते लपवावे असे त्याला वाटले नाही.

पुढच्या आठवड्यात त्याने काळी फरशी उखडून पांढरी बसवली. येणाराजाणारा हटकून म्हणतो, "गॅरेजला पांढरी फरशी? डाग पडतील की!"

आनंदा मान ताठ करून सांगतो, "पडू देत. माझ्या कामाचं डाग हायत, मला दिसायला पाहिजेत."