वारुळाच्या अध्यक्षांना हटवण्याबाबत

विषय: वारुळाच्या अध्यक्षपदावरून नागोबांना दूर करण्याबाबत सभासद चिमी मुंगी हिचा अर्ज.

रानात कायदा नुकताच आला होता, त्या काळची गोष्ट. मुंग्यांनी भागीदारीत वारूळ बांधले. नागोबा घटकाभर सावलीला म्हणून आत शिरले आणि अध्यक्ष होऊन बसले. सभासद मात्र तोंडात अंडी धरून उघड्यावर आले. पिल्लांना छप्पर हवे म्हणून चिमीने अर्ज केला.

नागोबांनी घुबडशास्त्र्यांना बोलावले. शास्त्री पूर्वेकडची सगळी राने हिंडून आलेले.

"बांबूच्या रानात ज्याच्याकडे शिक्का, त्याचीच संस्था," ते म्हणाले. "बेटांवरच्या रानात वडीलधाऱ्यांना प्रश्न विचारत नाहीत. आपल्याकडे रान सोडून गेलेल्या सिंहसाहेबांचे कायदे. त्यात अध्यक्ष बसला की बसला."

"शास्त्रीबुवा, आणि अध्यक्षाला काढता कुठे येतं?" चिमीने विचारले.

"सगळीकडेच," शास्त्री बेसावधपणे खरे बोलून गेले.

"मग तेवढंच कलम येताना झाडावर विसरलात होय?"

नागोबांनी फणा काढला. "पोरी, एका फुत्कारात उडशील!"

"उडेन की! मग ढासळलेली भिंत तुम्हीच लिंपा, नागोबा. हात आहेत ना तुम्हाला?"

मुंग्या खदखदून हसल्या. त्या दिवसापासून एकीनेही त्या वारुळासाठी मातीचा कण उचलला नाही. पलीकडे बाभळीखाली त्यांनी नवे वारूळ काढले आहे, मुंगीपुरत्या दाराचे. जुन्याला भगदाड पडले असून दुपारचे ऊन थेट अध्यक्षांच्या डोक्यावर येते.

चिमीने अर्ज मागे घेतलेला नाही. शास्त्र्यांनी तो अधिक अभ्यासासाठी ठेवून घेतला असून, तो अद्याप प्रलंबित आहे.