आधी सही, मग सुई

सही करायला इतरांना शाई लागते, डॉक्टर धारूरकरांना मर्जी लागत असे. आणि जिल्ह्याच्या दवाखान्यात त्यांच्या सहीवाचून हार्मोनचं इंजेक्शन कुणालाच मिळत नसे.

केतकी आज पुन्हा त्यांच्यापुढे उभी होती. घरच्यांनी तिला मुलगा म्हणून वाढवलं. आपण बाई आहोत हे तिला कळत्या वयापासून ठाऊक होतं, आणि शरीरही बाईचं व्हावं म्हणून तिला ते इंजेक्शन हवं होतं. सही मिळेना म्हणून तिच्या मैत्रिणीने, चमेलीने, कुणाकडून तरी चोरून तेच औषध टोचून घेतलं आणि ती जिवाला मुकली. आज नकार मिळाला, तर केतकीपुढेही तीच वाट होती.

"काय रे, परत आलास?" डॉक्टर गुरकावले. "निसर्गाने जे दिलं नाही, ते सुईने घेऊ नये. दोन वर्षं असाच राहा. तरी मन बदललं नाही, तर बघू."

डॉक्टरांनी जेवणाचा डबा पुढे ओढला आणि ती समोर नाहीच अशा थाटात सदरा वर करून पोटाला इन्सुलिनचं पेन लावलं.

"थांबा, साहेब!" केतकी म्हणाली. "इन्सुलिनही हार्मोनच ना? निसर्गाने तुम्हाला ते पुरेसं दिलं नाही. दोन वर्षं असेच राहा. तरी साखर उतरली नाही, तर बघू."

"दोन वर्षं?" डॉक्टर उसळले. "तोवर मी जगेन का?"

"हेच तर मी विचारायला येतेय, साहेब."

डॉक्टरांचा हात तसाच थांबला. ते म्हणाले, "बसा, केतकीबाई."

त्यांनी आधी तिच्या कागदावर सही केली, मग स्वतःला सुई टोचली.