तळ्याकाठच्या घरातलं पीठ

फार जुनी गोष्ट आहे, नद्यांना अजून पूल माहीत नव्हते तेव्हाची. नदीकाठच्या एका नगरीत घरांचा एक दलाल राहत होता. कुणाला घर विकायचं असो की घ्यायचं, लोक त्याच्याकडेच येत. दलालीची खूण म्हणून त्याच्या खांद्यावर पिवळा शेला असे.

नगरीचा नियम मात्र कडक होता. दलालाच्या हातातलं एखादं घर वर्षभर रिकामं राहिलं, तर त्याने शेला पंचांपुढे उतरवून ठेवायचा आणि पुन्हा त्या धंद्याचं नाव काढायचं नाही. त्याच्यावर ही वेळ कधी आली नव्हती. या खेपेला तळ्याकाठचं एक घर अडलं होतं, आणि वर्ष भरायला आठ दिवस उरले होते.

त्या घरात एक लहान मूल तापाने गेलं होतं. त्या नगरीत रीत होती, की माणूस जिथे शेवटचा श्वास घेई तिथे जमिनीवर पीठ पसरायचं, शेजारी दिवा लावायचा, आणि सकाळी पिठावर ठसा उमटला का, म्हणजे गेलेलं माणूस अजून घरातच आहे का, ते पाहायचं. मग ते पीठ नदीत सोडायचं. मूल गेलं त्या कोपऱ्यात आईबापांनी पीठ पसरलं, पण सकाळी तिकडे बघण्याचं बळ त्यांना उरलं नाही. पीठ तसंच ठेवून ते नगरी सोडून गेले.

दलालाने पहिल्याच दिवशी ते झाडून उकिरड्यावर टाकलं. दुसऱ्या दिवशी दार उघडलं तर त्याच कोपऱ्यात पीठ पसरलेलं, आणि त्यावर एक इवलंसं पाऊल. दलालाने कपाळावरचा घाम पुसला आणि पुन्हा केरसुणी उचलली. तेव्हापासून रोज सकाळी गिऱ्हाईक यायच्या आत तो जाऊन झाडून येई. पुढे पुढे त्याला भीतीही वाटेनाशी झाली. माणसाला कशाचीही सवय होते.

गिऱ्हाइकं येत. पण त्यांची पोरं त्या रिकाम्या कोपऱ्याकडे पाहून हसत, हात हलवत. मग आया पोरांना उचलून बाहेर पडत आणि परत येत नसत.

त्या आठ दिवसांतल्या पहिल्याच दिवशी पैलतीरावरून एक म्हातारी आली. एकटीच होती. घर हवं म्हणाली, आणि तिने दलालाला पुरतं जेरीस आणलं. प्रत्येक घरात ती भिंतीला टेकून, डोळे मिटून बसे. तिच्या उठण्याची वाट बघून दलालाचे पाय दुखत.

“हे नको,” ती शेवटी म्हणे.

“का हो आजी? पूर्वेला दार आहे, आडाला बारमाही पाणी आहे.”

“असेल. पण इथे कुणी नाही.”

“रिकामंच घर दाखवणार ना? माणसांसकट कसं विकू?”

“इथे कोण गेलं होतं, बाबा?”

“कुणी नाही. या घरात कधी मांजरसुद्धा मेलं नाही.”

म्हातारी काठी उचलून चालू लागे.

“अहो, तिला घर नकोय,” दलालाची बायको म्हणाली. “तिला फुकटचा वाटाड्या हवाय. तो मिळालाय.”

सातव्या दिवशी दाखवायला तळ्याकाठचं घर तेवढं उरलं. त्या सकाळी दलालाने कोपरा दोनदा झाडला, वर ओल्या फडक्याने पुसला. म्हातारी आली आणि थेट त्या कोपऱ्याशी जाऊन बसली. बऱ्याच वेळाने तिने जमिनीवर तळवा टेकला. तिचा चेहरा सैलावला.

“इथे कोण होतं?”

खरं सांगितलं तर घरही गेलं आणि शेलाही, असं दलालाला वाटलं.

“कुणी नाही, आजी. नव्यासारखं घर आहे.”

“नीट आठवून सांग.”

“शपथेवर सांगतो.”

म्हातारीने हात उचलून घेतला. “मग मला भास झाला असेल. या वयात होतात,” ती म्हणाली आणि निघून गेली.

आठव्या दिवशी सकाळी दलाल झाडायला गेला, तर कोपरा स्वच्छ. पीठ नाही, पाऊल नाही. त्याला हायसं वाटलं. आजच्या आज दुसरं गिऱ्हाईक गाठू, असं ठरवून तो घरी परतला.

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. “मी आज जात्याला हातही लावलेला नाही,” ती हळू आवाजात म्हणाली. “मग हे कुणी सांडलं?”

उंबऱ्यापासून आतपर्यंत पीठ पसरलं होतं. त्यावर इवली पावलं होती, एकापुढे एक. ती दलालाच्या जेवायच्या पाटापाशी येऊन थांबली होती. परत गेलेलं पाऊल एकही नव्हतं.

दलाल तसाच नदीकडे धावला. म्हातारी काठावर नावेची वाट पाहत होती. त्याने सगळं सांगून टाकलं. काही लपवलं नाही.

“हे काल का नाही सांगितलंस?”

“तुम्ही घर नाकाराल म्हणून.”

म्हातारी पाण्याकडे बघत राहिली. “माझ्या घरातली सगळी गेली. दर वेळी पीठ पसरलं. ठसा कुणाचाच उमटला नाही. जिथे कुणी मागे राहिलंय, अशा घरात मला राहायचं होतं. माझं नसतं तरी चाललं असतं.”

“मग चला ना आजी. घर तुमचंच.”

“आता तिथे कोण आहे? ते तुझ्या मागे आलं.”

“पण मी तर त्याला रोज झाडून टाकत होतो.”

“लहान पोराला ते कुठे कळतं, बाबा? रोज सकाळी दार उघडून येणारा तूच एकटा होतास.”

नाव आली. म्हातारी चढली आणि पैलतीराला गेली. त्याच दिवशी, पंचांनी बोलवायच्या आत, दलालाने शेला उतरवून त्यांच्यापुढे ठेवला.

त्या घरात पुढे कुणीतरी राहायला आलं आणि सुखाने राहिलं. दलालाच्या घरात मात्र केरसुणी त्या पाटापर्यंत कधी जात नसे. नवराबायको त्याबद्दल बोलत नसत. जेवायला बसताना तो पाटावर थोडा सरकून बसे, शेजारी जागा राहील इतका.

तात्पर्य : समोरच्याला काय सोसवणार नाही हे आपणच ठरवून जे खरं झाकून ठेवतो, ते शेवटी आपल्याच घरी राहायला येतं.